राखीव गड्याचे मोल

खेळातल्या पैशाविषयी बोलू लागलो की आपण मराठी माणसे एकदम हिशेबी होतो. मुलीच्या लग्नात मांडवावर आणि वाजंत्र्यांवर किती उधळले, याचा जमाखर्च ज्याने जन्मात कधी मांडला नाही, तो गृहस्थसुद्धा क्रिकेटच्या लिलावाचा आकडा कानी पडताच स्वतःच्याच कनवटीचे पैसे सुटल्यासारखा कळवळतो. "दीड कोटी! आणि खेळला किती? तर दोन सामने!" हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी परभणीच्या स्टेशनाजवळच्या हॉटेलात, शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत आणि एसटीच्या रांगेत इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याला आता म्हणीची प्रतिष्ठा येऊ लागली आहे. फराळाच्या ताटाभोवती चार पाहुणे जमले की यंदाही ते निघेलच. तेव्हा चकलीचा पहिला तुकडा मोडण्यापूर्वीच त्याचा समाचार घेतलेला बरा.

ज्याच्याविषयी हे बोलले जाते, तो मुलगा परका नाही. राजवर्धन हंगरगेकर हा आपल्या मराठवाड्याचा, तुळजापूरचा. वेगवान गोलंदाज, आणि बॅट हाती आली तर चेंडू मैदानाबाहेर भिरकावणारा. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी भारताच्या १९ वर्षांखालील संघाने अँटिग्वात इंग्लंडला हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात तो होता. त्यानंतर अवघ्या आठवड्याने, १२ आणि १३ फेब्रुवारीला, बंगळुरूत आयपीएलचा मोठा लिलाव भरला. याची मूळ किंमत ३० लाख. बोली चढत गेली आणि चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटीला घेतले. २०२२ च्या हंगामात तो एकही सामना खेळला नाही. २०२३ मध्ये ३१ मार्चला अहमदाबादेत गुजरातविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला, ३६ धावांत ३ बळी घेतले. पुढे आणखी एक सामना खेळला आणि मग बाकावर जाऊन बसला. २०२४ चा हंगामही बसूनच गेला. त्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा लिलाव झाला तेव्हा लखनौने त्याला ३० लाखांना उचलले. बोली जिथून निघाली होती तिथेच येऊन टेकली.

आता आमचे हिशेबनीस काय म्हणतात ते पाहा. वर्षाला दीड कोटी, हंगाम तीन, म्हणजे झाले साडेचार कोटी. सामने दोन. एका सामन्याला सव्वादोन कोटी, आणि बळी तीनच म्हणून एका बळीला दीड कोटी! त्रैराशिक बिनचूक आहे. मी मास्तर माणूस. या गणिताला पुरे गुण देईन. परंतु गणित बरोबर असून उदाहरणच चुकीचे घेतले, तर उत्तराला काय किंमत राहते? गड्याने टाकलेल्या चेंडूंवर किंवा घेतलेल्या बळींवर जर त्याची किंमत ठरवायची असेल, तर ती अकरांत हमखास खेळणाऱ्याची ठरवावी. राखीव गडी विकत घेताना मालकाने निराळीच वस्तू विकत घेतलेली असते. ती वस्तू कोणती, हे परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तरी समजावून सांगण्याची गरज पडू नये.

आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की तिफणी बाहेर निघतात. सोयाबीन म्हणा, कापूस म्हणा, जमिनीत बियाणे पडते. आणि मग वरुणराजा पंधरा-वीस दिवस तोंड फिरवून बसतो. उगवलेले कोंब माना टाकतात. मग दुबार पेरणी. ज्याच्या घरात जास्तीचे पोते ठेवलेले असते तो दुसऱ्या पावसावर पेरून मोकळा होतो. ज्याच्याकडे नसते तो सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या दारात उभा राहतो आणि मिळेल त्या भावाने मिळेल ते उचलतो. आता समजा, एखाद्या साली पाऊस वेळेवर लागला, दुबार पेरणी करावीच लागली नाही आणि ते पोते कोपऱ्यात तसेच राहिले. म्हणून का कोणी त्या शेतकऱ्याला उधळ्या म्हणतो? "अमक्याने पोत्याला इतके पैसे घातले आणि त्यातून एक दाणा पिकवला नाही," अशी चर्चा चावडीवर कधी ऐकली आहे? ते पोते निर्धास्त झोपेसाठी घेतलेले असते, आणि ती झोप त्याने रोज रात्री दिलेली असते.

आयपीएलचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, आणि साखळीतच प्रत्येक संघाचे १४ सामने. गाडीतून, विमानातून, उन्हातून सारखी धावपळ. गोलंदाजाचे शरीर म्हणजे काही लोखंडी रहाट नव्हे. संघात २५ पर्यंत खेळाडू ठेवण्याची मुभा आहे. मैदानात उतरतात अकरा. २०२३ पासून आयत्या वेळी बदली उतरवण्याची सोय झाली, म्हणून फार तर बारा म्हणा. म्हणजे भरल्या संघातले तेरा जण कोणत्याही दिवशी बसणारच. ते बसले यात त्यांचा गुन्हा कोणता? आपली कबड्डी घ्या. सात खेळतात, पाच बाहेर असतात. खोखोत नऊ मैदानात, बाकीचे बाहेर. ज्यांनी हे खेळ बसवले त्यांना ठाऊक होते की, गुडघा हा फुटण्यासाठीच असतो आणि घोटा मुरगळण्यासाठीच.

आता चेन्नईच्या त्याच लिलावातली पुढची हकीकत ऐका. कारण आमचे हिशेबनीस ती सांगत नाहीत. दीपक चहर या नामांकित गोलंदाजाला चेन्नईने १४ कोटींची बोली लावून घेतले. तो दुखापतीने २०२२ च्या संपूर्ण हंगामाला मुकला. दोन सामने तर सोडाच, एकही नाही. त्याची जागा कुणी भरली? महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या मुकेश चौधरीने. त्याची बोली होती २० लाख. त्याने त्या हंगामात १३ सामन्यांत १६ बळी घेतले. इथे विरोधक उसळून म्हणतील, "हेच तर आम्ही म्हणतो! २० लाखांचा गडी कामाला आला आणि दीड कोटीचा बसून राहिला. मग दीड कोटी जास्त झालेच की नाही?" हा आक्षेप मात्र वजनदार आहे, तो झटकून टाकण्यासारखा नाही.

परंतु हकीकत इथे संपत नाही. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, तोच मुकेश चौधरी दुखापतीमुळे हंगामाला मुकला. आणि ३१ मार्चला तुळजापूरचा पोरगा मैदानात उतरला तो या पार्श्वभूमीवर. चहर पडला तेव्हा मुकेश होता. मुकेश पडला तेव्हा हंगरगेकर होता. तो दोन सामन्यांत मागे पडला तेव्हा कल्याणचा तुषार देशपांडे होता. हा तुषार कोण? तोही २०२२ च्या लिलावात २० लाखांना घेतलेला राखीव गडीच. आणि २०२२ च्या हंगामात तो किती सामने खेळला होता? दोन! त्या वर्षाच्या शेवटी आमच्या कट्ट्यावर त्याचा हिशेब मांडला असता तर त्यालाही आम्ही "दोन सामने" म्हणून निकालात काढले असते. त्याच तुषारने २०२३ मध्ये २१ बळी घेतले, चेन्नई अजिंक्य झाली, पुढच्या वर्षी तो भारताकडून खेळला आणि त्यानंतरच्या लिलावात राजस्थानने त्याला साडेसहा कोटींना घेतले.

तात्पर्य काय? फेब्रुवारी २०२२ मध्ये लिलावाच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला कोणते पोते उगवेल हे कळण्याचा मार्ग नव्हता. त्याने चार पोती घेतली. एक पहिल्या पावसाला उगवले, एक दुसऱ्या, एकाला कोंब फुटून राहिले. उगवलेल्या पोत्याचे कौतुक करायचे आणि न उगवलेल्यासाठी मालकाला वेड्यात काढायचे, हा न्याय हंगाम संपल्यावर बांधावर बसून करणे फार सोपे आहे. पेरणाऱ्याला मात्र पेरणीच्या दिवशीच ठरवावे लागते. मुकेशचे २० लाख आणि राजवर्धनचे दीड कोटी एकाच शहाणपणाने खर्च झाले. एकाचे फळ मिळाले म्हणून ते शहाणपण वाढत नाही, आणि दुसऱ्याचे मिळाले नाही म्हणून घटत नाही.

राहता राहिला दोन बोलींमधला फरक. २० लाख आणि दीड कोटी यांत तफावत आहे आणि ती मी लपवीत नाही. विश्वचषक जिंकून आठवडा झालेला, वर्तमानपत्रांत फोटो झळकत असलेले. बाजार तापलेला होता. तापलेल्या बाजारात भाव चढतो, हे मानवतच्या कापूस बाजारात एक दिवस उभे राहिलेला माणूसही सांगेल. पण त्यासाठी बोल कुणाला लावायचा? ३० लाखांवरून दीड कोटीपर्यंत बोली काही आपली आपण चढत नाही. कुणी तरी दुसरा समोरून बोली वाढवत होता, म्हणूनच ती चढली. दुसऱ्या संघालाही तो मुलगा तेवढ्याच्या आसपास हवा होता. आणि चेन्नईच्या हाती त्या वेळी एकूण संघ उभारायला ९० कोटी होते. त्यातले दीड कोटी म्हणजे रुपयातले जेमतेम पावणेदोन पैसे. एकोणीस वर्षांच्या पोरावर, त्याच्या उद्यावर, रुपयातले पावणेदोन पैसे लावणे याला जुगार म्हणायचे असेल, तर शेतीला काय म्हणायचे ते मला कोणी तरी सांगावे.

एक गोष्ट मला फार खटकते. बाजार समितीत कापसाला भाव कमी मिळाला तर दोष व्यापाऱ्याला. भाव चांगला मिळाला तर आनंद शेतकऱ्याला. मग खेळाडूच्या लिलावात भाव चांगला मिळाला की आम्ही शिव्या त्या पोराला का देतो? त्याने काही बोली लावली नव्हती. तो तर ढिगावर मांडलेला माल होता. १४ कोटींची बोली लागून एकही सामना न खेळलेल्या नामांकिताचा हिशेब आमच्या चावडीवर कुणी मागितल्याचे मला स्मरत नाही. दीड कोटीचा हिशेब मात्र तुळजापूरच्या पोराकडे, आणि तोही मराठवाड्यातच, रोज मागितला जातो. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असे छाती फुगवून म्हणणारे आम्ही. शेजारचा मुलगा वर चढला की शिडी कितीला पडली याची चौकशी आधी करतो.

राखीव गडी म्हणजे फुकटखाऊ, ही समजूतच मुळात खोटी आहे. क्रिकेटच्या नियामक मंडळालाही ती मान्य नाही. रणजी सामन्यांसाठी २०२१ साली जे रोजचे मानधन ठरवले, त्यात अकरांबाहेरच्या राखीव खेळाडूला खेळणाऱ्याच्या निम्मे मानधन ठेवले आहे. म्हणजे बसण्याला, तयार राहण्याला, सकाळी उठून बूट बांधण्याला मोल आहे, हे कागदावर मान्य झालेले आहे. आणि खेळणाऱ्याला जास्त द्यायचे तर त्याचीही रीत आहे. २०२५ च्या हंगामापासून आयपीएलमध्ये मैदानात उतरलेल्या खेळाडूला बोलीच्या रकमेवर सामन्यागणिक साडेसात लाख मिळू लागले. खेळणाऱ्याला वर द्या. बसणाऱ्याच्या ताटातले काढू नका. ही रीत मला न्याय्य वाटते.

आणि बसलेला माणूस कधी उठेल याचा भरवसा काय? २०२५ चा महिलांचा विश्वचषक ज्यांनी पाहिला त्यांना शफाली वर्मा आठवत असेल. ती तर मूळच्या पंधरांतही नव्हती! प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून उपान्त्य सामन्याच्या तोंडावर शफालीला बोलावणे गेले. उपान्त्य सामन्यात तिला काही फार करता आले नाही. हिशेबनिसांनी त्याच रात्री वही उघडली असती तर तिचेही नाव लाल शाईने लिहिले गेले असते. आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात त्याच मुलीने ८७ धावा केल्या, २ बळी घेतले आणि दक्षिण आफ्रिकेला हरवून भारताने पहिल्यांदा तो चषक उचलला.

त्या संघाचा प्रशिक्षक कोण होता? अमोल मुझुमदार. १९८८ साली आझाद मैदानावर शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला तो मुलगा. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा काढूनही त्याला भारताची टोपी मिळाली नाही. सारा जन्म पॅड बांधून वाट पाहिली म्हणा ना! वाट पाहणे म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याच्या हाताखालीच मूळ पंधरांत नसलेल्या मुलीने विश्वचषक जिंकून द्यावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. तसेच १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले सुनील वॉल्सन. चौदांपैकी एकही सामना न खेळलेला तो एकटाच. म्हणून काय तो विजेत्यांच्या यादीतून खोडायचा?

हे सारे मी इतक्या तावातावाने का सांगतो आहे? चेन्नईच्या मालकांची वकिली करण्याचे मला कारण नाही. त्यांना वकील पुष्कळ आहेत. मला काळजी आहे ती माझ्या वर्गातल्या पोरांची. शाळेच्या कबड्डीच्या संघात बारा नावे लिहिली जातात आणि सात पोरे खेळतात. उरलेली पाच पोरे पाण्याची भांडी भरतात, खेळणाऱ्यांचे कपडे सांभाळतात, ओरडून ओरडून घसा बसवून घेतात आणि घरी गेल्यावर बापाचा पहिला प्रश्न ऐकतात: "खेळलास का?" "नाही" म्हटले की बाप पुढे काही विचारतच नाही. दुसऱ्या दिवशी त्यातले एखादे पोर सरावाला येत नाही. जो बाप हॉटेलात बसून "दोन सामने, दीड कोटी" म्हणतो, तोच घरी येऊन हे विचारतो. दोन्ही वाक्ये एकाच विचारातून निघतात. जो समोर दिसतो तेवढाच खरा, बाकीचे सारे ओझे, हा तो विचार. या विचाराने मैदाने ओस पडतात. पाच पोरे निघून गेली की सातांतल्या एकाचा पाय मोडेल त्या दिवशी संघ मोडतो.

आणि खेळच कशाला? सालगड्याला आपण पाडव्यापासून पाडव्यापर्यंत साल ठरवून देतो; पाऊस पडत असला आणि रानात पाऊल टाकता येत नसले तरी त्या दिवसाचे कापून घेत नाही. निदान भला मालक घेत नाही. गावात आग लागली नाही म्हणून नगरपालिकेच्या अग्निशामक दलाचा पगार कुणी थांबवीत नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला रुग्ण निजलेला होता म्हणून अर्धा पगार देत नाहीत. तयार राहणे हेही कामच आहे. उलट, ते अधिक अवघड काम आहे. कारण त्यात घाम येतो आणि टाळी मिळत नाही.

माझे भांडण आहे ते निराळ्याच गोष्टीशी. पैसा जास्त गेला याचे मला दुःख नाही. तो फार थोड्या ठिकाणी गेला याचे आहे. जगात फुटबॉलचा एक चांगला नियम आहे. एखादा खेळाडू करार चालू असताना मोठ्या रकमेला एका क्लबाकडून दुसऱ्याकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के, बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकवले, त्यांना वाटून द्यावे लागतात. कुठल्या तरी खेड्यातल्या क्लबाने पोराला पहिले बूट दिलेले असतात. त्या बुटांचे पैसे पंधरा वर्षांनी व्याजासकट घरी येतात. हा नियम जगातल्या फुटबॉलने २००१ पासून चालवला आहे. आमच्या क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या लिलावांनी तो का उचलू नये? दीड कोटीचे पाच टक्के म्हणजे साडेसात लाख. साडेसात लाखांत तालुक्याच्या एका मैदानाला कुंपण पडेल, चटईची खेळपट्टी होईल, पोरांना चेंडू मिळतील आणि जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालम इथल्या एखाद्या वेगवान पोराला चांगला मार्गदर्शक मिळावा म्हणून घरदार सोडून पुण्याची वाट धरावी लागणार नाही.

ज्यांना आकड्यांचा इतका सोस आहे, त्यांनी ही मागणी करावी. बोलीतला वाटा मैदानाला द्या, म्हणून आपल्या आमदार-खासदारांना पत्रे लिहावीत, क्रिकेट संघटनेच्या सभांत प्रश्न विचारावेत. तेवढा हिशेब मांडला तर मी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसेन. तोवर तुळजापूरच्या पोराच्या दीड कोटीचा उच्चार त्यांनी जरा जपून करावा. लिलावात बोली लावणाऱ्याने आपला पैसा आपल्या समजुतीने घातला. ज्याला मिळाला त्याने तो तयार राहून कमावला. आपले एक कवडीचेही नुकसान झालेले नाही.

आणि या सुट्टीत घरातले पोर मैदानावरून परत आले, तर "खेळलास का?" एवढेच विचारून थांबू नका. "तयार होतास का?" असेही विचारा. हो म्हणाले, तर लाडवांच्या डब्याचे झाकण अगोदर त्याच्यासाठी उघडा.